स्लॅबवरचं आगर

माझी भाची तनू लहानपणी डोक्यावर पडली होती. हे साधं वाक्य मी चौदा वर्षं कुणापुढे उच्चारलं नाही. आईबापापुढे नाही, बायकोपुढे नाही, गावदेवीपुढे नारळ फोडतानाही नाही. देवीला सगळं ठाऊकच असतं म्हणून गप्प राहिलो, असं सांगितलं तर ते खोटं होईल. गप्प राहणं एकदा अंगवळणी पडलं की त्याची लाज वाटेनाशी होते, एवढंच.

आठवायला निमित्त झालं ते पाणी. यंदा गच्ची गळत होती, म्हणून पावसाआधी तिच्यावर नवा थर टाकून घेतला. गवंड्यानं सिमेंटचे बोटभर उंचीचे बांध घालून गच्चीभर चौकोन पाडले आणि थर तडकू नये म्हणून त्यांत पाणी भरून ठेवलं. संध्याकाळी बघायला वर गेलो, तर प्रत्येक चौकोनात आभाळाचा एकेक तुकडा. आणि तो वास. ओल्या सिमेंटचा, थंड, थोडा राखेसारखा, थोडा नव्या मडक्यात पहिल्यांदा पाणी ओततो तेव्हा येतो तसा. मी जिन्याच्या तोंडाशीच थांबलो.

आमचं घर कोपरखैरण्याच्या गावठाणात आहे. बाबा मिठागरात राबलेले. मी त्या आगराचे शेवटचे हंगाम तेवढे पाहिले. खाडीचं पाणी आत घ्यायचं, चौकोनाचौकोनांतून खेळवायचं, उन्हात मुरत ठेवायचं. दुपार कलली की पाण्यावर मिठाची साय धरायची. बाबा ती लांब दांड्याच्या फळीनं ओढायचे तेव्हा काच चुरडल्यासारखा आवाज यायचा. घरी आले की त्यांच्या टाचांच्या भेगांत मीठ चमकायचं, अंगाला तिवराच्या चिखलाचा वास असायचा. मग आगर गेलं. तिथं नवी मुंबईचे सेक्टर आले, सेक्टरांना आकडे आले आणि बाबा ओट्यावर बसून राहिले.

मी घरावर दुसरा मजला चढवला तेव्हा स्लॅबवर असेच पाण्याचे चौकोन भरले होते. हात धरून बाबांना वर नेलं. ते कडेकडेनं सगळे चौकोन फिरून आले. मग म्हणाले, "आगर आला रं घरावं." वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. "पन मीठ नाय."

त्या दिवसांत आमच्याकडे सुट्टी बघून स्लॅब पडायचा. होळीला लागून रविवार आला की गल्लीगल्लीत मिक्सर घरघरायचे, कारण बिनपरवाना बांधकाम तोडायला येणारी पालिकेची गाडी सुट्टीच्या दिवशी यायची नाही. आधी स्लॅब, मग भिंती, मग भाडेकरू. जिन्याचा कठडा सगळ्यात शेवटी. "कठड्याचं काय, लावू की," हे आम्ही रामराम म्हणावं तितक्या सहज म्हणायचो. त्या शिमग्याला मीही म्हटलं होतं.

तनू तेव्हा सहा वर्षांची. भावोजी गेल्यावर ताई तिला घेऊन आमच्याकडेच राहायला आली होती. ही पोर नाकानं जगायची. दारात उभी राहून सांगायची, "वरच्या काकूंची मेथी करपली." "बाजूवाल्यांनी बांगडा आनलाय, पन ताजा नाय." बाबा तिला मांजर म्हणायचे. नव्या वहीला, धुतल्या चादरीला, माझ्या घामेजल्या शर्टाला, सगळ्याला ती आधी नाक लावायची. आणि पाठांतर तर असं की हळदीच्या मांडवात म्हाताऱ्या बायका गाणं म्हणता म्हणता अडखळल्या की ही खांबाला धरून पुढची ओळ म्हणून मोकळी व्हायची. बायका हसत तिच्या गालाला हळद फासायच्या. "कुनाची गो ही भवानी?" ताई लाजून सांगायची, "माझी."

त्या दुपारी ताई शेजारच्या गावात हळदीला गेली होती. लांबून बेंजोचा आवाज वाऱ्यावर तुटत तुटत येत होता. मी तनूला वर नेलं. फ्रॉक वर खोचून ती या चौकोनातून त्या चौकोनात उड्या मारत होती. "मामा, हा माझा आगर, तो तुझा. माझ्या आगरात यायचं नाय." मी फोनवर होतो, येणाऱ्या भाडेकरूशी बोलत. ओल्या पायांनी ती जिन्याकडे पळाली. जिन्याला कठडा नव्हता. खालून एक आवाज आला, ओली गोणी टाकावी तसा.

रक्त आलं नाही. आलं असतं तर मी हॉस्पिटलात धावलो असतो, अशी मी स्वतःची समजूत घालत आलो आहे. रेतीच्या ढिगावर ती पडली होती, डोकं ढिगाच्या कडेला रचलेल्या विटांवर. डोळे उघडे होते आणि परक्या माणसाकडे बघावं तशी ती माझ्याकडे बघत होती. मग ओकली. थोड्या वेळानं पुन्हा ओकली. मग म्हणाली, "झोप येते."

हॉस्पिटलात विचारतात, कुठून पडली. कुठून म्हटलं की जिना आला, जिना आला की स्लॅब आला, स्लॅब आला की गाडी आली. मी तिला उचलून घरात आणलं, मोरीत फ्रॉक धुतला, कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. तिनं तोंड फिरवलं नाही. कांद्याला तोंड न फिरवणारी तनू मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला बरं वाटलं. शहाण्यासारखी पडून राहिली म्हणून!

"आयसला सांगायचं नाय हां," मी म्हटलं. "सांगितलंस तर आपला आगर तोडतील."

तिनं मान हलवली.

तिन्हीसांजेला ताई आली, हळदीनं पिवळी झालेली. मी म्हटलं, ऊन लागलंय. ताईनं मीठमोहऱ्या घेऊन तिच्यावरून ओवाळल्या आणि निखाऱ्यावर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या, धूर खोलीभर झाला, मला ठसका लागला. "बघ, केवढी नजर लागलेली माझ्या बायला," ताई म्हणाली. तनू त्या धुरात डोळे उघडे ठेवून बसली होती.

तिनं शब्द पाळला. पुढे ती तो शब्दच विसरली, ती अख्खी दुपार विसरली. केसांतलं टेंगूळ जिरलं. मी आठवडाभरात जिन्याला कठडा लावला, लोखंडी, मनगटाएवढ्या जाडीचा. येणारे जाणारे म्हणायचे, "तुरुंग बांधतोस काय रं?" मी हसायचो.

त्यानंतरचे शिमगे, गावदेवीच्या जत्रा, गौरी-गणपती, सगळे आठवतात, पण प्रत्येकातून काहीतरी उणं होत गेलं. हळदीच्या मांडवात तनू खांबाला धरून उभी राहायची आणि ओळ अडली की तीही अडायची. बायका वाट बघायच्या, मग आपल्याआपण पुढे जायच्या. जत्रेतल्या झगमगाटात ती डोळ्यांवर हात धरायची. एक दिवस ताईनं तव्यावर सुके बोंबील टाकले आणि पाणी भरायला गेली. तनू चुलीकडे पाठ करून अभ्यास करत होती. बोंबील जळून कोळसा झाले, धूर गल्लीत गेला, मी वरच्या मजल्यावरून धावत आलो, आणि ती तिथंच बसून गणित खोडत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "डोक्यावर पडलीयस काय गो?"

बोललो आणि तवा पुढ्यात ओढला. तव्यावरचा कोळसा मी किती तरी वेळ खरवडत बसलो. ताई म्हणाली, "राहू दे रे बाला, बोंबिलाचं काय एवढं."

आपल्याकडे हे वाक्य कुणीही कुणालाही म्हणतं. रिक्षावाला म्हणतो, बाप म्हणतो, कॅरमवर सोंगटी चुकली तरी म्हणतात. मला मात्र ते जिथं तिथं ऐकू यायला लागलं आणि जो ते तनूला म्हणेल त्याचा मी वैरी झालो. स्वतःला सोडून सगळ्यांचा. तिची नक्कल करणाऱ्या एका पोराची सायकल मी खाडीत टाकून दिली. तिची आत्या "पोर वाया गेली" म्हणाली, तर माझ्या मुलीच्या लग्नाला मी आत्याच्या घरी अक्षता पाठवल्या नाहीत. सगळ्या गावाला आमंत्रण, मधलं एक दार वगळून. ती दारात उभी राहून आमची वरात बघत होती. मला त्यात सुख होतं, आणि अजूनही ते सुख गेलेलं नाही.

सगळ्यात गोड सूड क्लासवाल्या सरांचा.

तळमजल्यावर माझेच भाडेकरू होते ते. बाहेर पिवळा बोर्ड, आत दाटीवाटीनं बाकं, खडूचा आणि पोरांच्या डब्यांचा वास. तनू आठवीत होती. फळ्यावरचं वाचून झालं की पहिल्या ओळीत काय होतं ते तिला आठवायचं नाही. सरांनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं, आणि मग सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "लहानपणी डोक्यावर पडली होतीस का?" पोरं बाकं बडवून हसली. घरी येऊन तनूनंच सांगितलं, तीही हसत. "मामा, सर पण ना!"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जागा खाली करायला सांगितलं. परीक्षा तोंडावर होत्या. ते हात जोडून म्हणाले, महिनाभर थांबा. मी पाण्याचा पंप बंद ठेवला. क्लासच्या दाराला चिकटून टेम्पो उभा केला, पोरांना पोटं आत ओढून शिरावं लागायचं. गल्लीत हळद आली तेव्हा स्पीकरवाल्याला म्हटलं, तोंड इकडं कर. शेवटी एका दुपारी त्यांनी बाकं टेम्पोत चढवली. फळा मावेना, तो टपावर बांधला. मी त्या कठड्याला टेकून चणे खात बघत होतो. सर वर आले. घाम पुसत म्हणाले, "भाऊ, जातोय मी. पण माझं नेमकं चुकलं काय, ते तरी सांगा."

मी म्हटलं, "सर, तुमी शिकलेले. शोधा."

त्या दिवशी जेवण चार घास जास्त गेलं. आज लिहिताना कळतं आणि तरी रागच येतो. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं असं नाही, पोरीला चारचौघांत असं बोलू नये. पण मी त्याला घालवलं ते त्यासाठी नव्हे. अख्ख्या गावात तो एकटा खरं बोलला होता, तेही न कळता. मागच्या वर्षी करंजाड्याला एका घरभरणीला गेलो होतो. तिथं एका इमारतीवर तोच बोर्ड, आता दोन मजल्यांभर. सर खाली उभे. मला बघून पुढे आले, हात हातात घेतला. "तुमचे उपकार आहेत भाऊ. तुम्ही काढलंत म्हणून मी इथं आलो, नाहीतर त्या बोळात कुजलो असतो." घरभरणीची जिलेबी मी पानात तशीच ठेवून उठलो.

तनू आता वीस वर्षांची आहे. मॉलमधल्या मोबाइलच्या दुकानातून तिला काढलं, तळोज्याच्या पॅकिंगच्या कंपनीतून तिनं स्वतःच सोडलं, कारण तिथल्या दिव्यांनी दुपारपर्यंत डोकं फुटायचं. मैत्रिणी होत्या, त्या लांबल्या. एक मिनिट चांगली बोलते आणि दुसऱ्या मिनिटाला हातातलं फेकते, मग तासभर त्याचे तुकडे गोळा करत रडते. दुपारी झोपते म्हणून आळशी. नावं विसरते म्हणून घमेंडी. तीच म्हणते, "मामा, माझ्या डोक्यात कोनीतरी ट्यूबलाइट बसवलीय. पेटते, नाय असं नाय. पन आधी फडफडते."

मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला. ती किचनमध्येच होती, मोबाइलवर गाणी ऐकत. ताई बाहेरून आली म्हणून निभावलं. त्यानंतर आम्ही तिला वाशीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण बाई होत्या, सावकाश बोलणाऱ्या. छोट्या बाटल्या तिच्या नाकाशी धरून बघितल्या. कॉफी, लवंग, साबण. तनू प्रत्येकीला खांदे उडवत होती. मग त्यांनी विचारलं, "लहानपणी कधी डोक्याला मार लागला होता? पडली, उलट्या झाल्या, खूप झोप आली, असं काही?"

"नाय ओ डॉक्टर," ताई म्हणाली. "येक ओरखडा नाय कधी. माझ्या भावानं तलहातावं वाढवलीय तिला."

आणि तिनं माझ्याकडे बघितलं, अभिमानानं. डॉक्टरांनीही बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खाली एक माणूस नारळ सोलत होता, कोयता वर जात होता, खाली येत होता.

"नीट आठवून बघा," डॉक्टर म्हणाल्या. "त्यावर पुढचं बरंच ठरेल. पुढच्या आठवड्यात याल तेव्हा सांगितलंत तरी चालेल."

घरी आलो त्या संध्याकाळी गच्चीवर हे पाण्याचे चौकोन होते. मी जिन्याच्या तोंडाशी उभा असताना तनू मागून आली. मला ओलांडून सरळ पुढे गेली, चपला काढून एका चौकोनात उभी राहिली. म्हणाली, "काय मस्त थंड आहे रे! तू काय असा भूत बघितल्यासारखा?"

मी सांगितलं. होळी, फोन, ओले पाय, विटा, कांदा, मोहऱ्या. कठड्याला धरून सांगत होतो, हात सुटत नव्हता. ती ऐकत होती, पाण्याकडे बघत. झालं तेव्हा तिनं वर बघितलं. मग पहिलं वाक्य बोलली ते हे:

"म्हंजे मी आळशी नाय?"

"नाय."

"येडी पन नाय?"

"नाय गो बाय."

तिनं टाचेनं बांधावर लाथ मारली. सिमेंट अजून कच्चं होतं, तुटलं. एका चौकोनातलं आभाळ दुसऱ्यात वाहून गेलं. मग दुसरा बांध, मग तिसरा. पाणी जिन्यावरून खाली जायला लागलं. खालून ताई ओरडली, "काय सांडलं गो?" तनूनं चौथा बांध फोडला. मला वाटलं, आता ती मला मारेल. मारलं असतं तर मी उभा राहिलो असतो. पण ती धापा टाकत माझ्यासमोर आली.

"वास. माझा वास पन तिकडंच गेला?"

"हो."

"आत्ता कसला वास येतोय इथं?"

"तनू..."

"सांग ना. तुला येतोय ना? सांग."

मी सांगायला लागलो. ओलं सिमेंट. खाडीकडून चिखल, ओहोटी असणार. कुणीतरी लसणाची फोडणी दिलीय. "अजून." पाटलांच्या ओट्यावर सोडे वाळत घातलेत. "अजून." कारखान्यांकडून ते गोडसर काहीतरी, जुन्या औषधाच्या बाटलीसारखं. "अजून." तुझ्या केसांना खोबरेल आहे. तिथं मी थांबलो. ती म्हणाली, "थांबू नको."

"डॉक्टरबाईंना आपन उद्याच सांगू," मी शेवटी म्हटलं. "फोन करू."

"आपन नाय, तू. फोनवर पन नाय. तिथं, त्या खुर्चीत बसून, आईच्या समोर. त्या परत विचारतील तेव्हा." तिचा आवाज शांत होता, तिच्या भडकण्याच्या दिवसांत कधी नसतो इतका. "मी आठवन करनार नाय, खूण करनार नाय. मी फक्त तुझ्याकडे बघनार. माझं डोकं इतकी वर्षं थांबलंय, अजून आठ दिवस थांबेल. सरांना काढलंस ना? आता तू बस बाकावर."

तेव्हापासून हे चाललंय. मी भाडेकरूशी बोलत असतो, ताटावर बसलेला असतो, मंडळाच्या लोकांबरोबर ओट्यावर असतो, आणि जिन्यावरून हाक येते, "मामा, वास?" हातातलं टाकून मी सांगतो. फणस. रॉकेल. पाऊस लांब कुठंतरी पडतोय त्या मातीचा. समोरच्या बाळाच्या दुपट्याचा. अर्धवट सांगितलं की तिला कळतं, "अजून," म्हणते. माणसं हसतात, त्यांना तो मामा-भाचीचा खेळ वाटतो. ताईही हसते. म्हणते, "लहान झालीस काय गो परत?" तनू कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत राहते, आणि त्या बघण्यात दया नसते. तिचा हा सूड माझ्या सगळ्या सुडांपेक्षा चांगला आहे. मी फक्त माणसं हाकलली. ती मला रोज जागेवर बसवते.

गवंड्यानं बांध पुन्हा घातले. पाणी पुन्हा भरलं. काल मी वाकून त्यात बोट बुडवलं, बाबांसारखं, आणि चाखलं. मीठ नव्हतंच.

डॉक्टरांकडे परवा जायचं आहे. त्या तोच प्रश्न विचारतील, ताई माझ्याकडे बघेल, तनूही बघेल. त्या प्रश्नाला 'हो' हा एक शब्द मी ताईच्या देखत देणं लागतो. तो अजून दिलेला नाही.